गाईंनी खाल्लेली आग

पहिली गाय फळीवरून सरळ नदीत पडली आणि काठावर उभी असलेली तुलिया सांगामा खदखदून हसली. बाकी सगळे ओरडत होते. होडीवाला ओरडत होता होडी कलंडेल म्हणून. गाईंचे मालक डॉन लिसार्दो ओरडत होते गाय वाहून जाईल म्हणून. आणि तुलियाचा नवरा सेगुंदो कंबरभर पाण्यात उभा राहून, दोर नको शेपटी द्या, असं काहीतरी ओरडत होता. त्याचा अर्थ काय, हे पुढे कधी त्यालाही सांगता आलं नाही. गाय मात्र निवांत पोहत काठाला लागली, चिखलातून वर आली, अंग झाडलं आणि तुलियाच्या अंगणातल्या केळीचं पान ओढून खायला लागली.

"ही घरची झाली," तुलिया म्हणाली.

मागून उरलेल्या पाच आल्या. सगळ्या वशिंडाच्या, लांब कानांच्या, नुकत्या वयात आलेल्या. वायागा नदीच्या त्या वळणावर, पुएर्तो इनायुगा गावात, तोवर कुणाच्या दारात गाय नव्हती. डुकरं होती, कोंबड्या होत्या, एकाकडे पाळलेलं माकडही होतं. पण गाय म्हणजे हमरस्त्यालगतच्या मोठ्या लोकांचं काम. जंगल तोडून राहणाऱ्याला गाय कशाला हवी? आज इथे शेत, उद्या तिथे. गाय काय डोक्यावर घेऊन फिरायची?

तुलियाचं भांडण नेमकं या आज-इथे-उद्या-तिथेशीच होतं.

तिच्या आईच्या काळात शेत घराच्या मागे होतं. आई चुलीवर भांडं ठेवून शेतात जायची आणि उकळी फुटायच्या आत परत यायची. जंगलाचा तुकडा तोडायचा, वाळू द्यायचा, जाळायचा, राखेत मका टोकायचा. मका निघाला की कसाव्याचे कंद, कसाव्यामागून केळी, आणि मग ती जमीन रानाच्या हवाली करून पुढचा तुकडा तोडायचा. अशा टाकून दिलेल्या जमिनीला तिकडे पुर्मा म्हणतात. पुर्म्यानं पंधरा-वीस वर्षं झोपावं, पुन्हा जंगल व्हावं, मग त्याला उठवावं, अशी रीत. पण पुर्मे वाढत गेले आणि शेत पुढे सरकत गेलं. तुलियाच्या लग्नाच्या वर्षी ते ओढ्यापलीकडे होतं. मुलगी झाली तेव्हा टेकडीमागे गेलं. आता शेतावर पोचेपर्यंतच सकाळ सरायची. शेत दर वर्षी एक पाऊल पुढे टाकतं आणि माझे गुडघे एक पाऊल मागे, असं ती सगळ्यांना सांगायची.

आता सेगुंदोच्या मनात त्याहून वरचं जंगल होतं, पार डोंगराच्या कुशीतलं, दिवसभराच्या चालीवरचं. तिथली झाडं चौघांच्या कवेत मावणार नाहीत, तिथली माती काळी, तिथे एकदा आग लावली की मका कसा येतो बघ, असं तो रोज रात्री जेवताना सांगायचा. पण तिथे शेत म्हणजे तिथेच झोपडी आणि तिथेच राहणं. नदी नाही, शेजार नाही, पलीकडच्याच घरातली लेक नाही, तिची पोरं नाहीत. तुलिया ऐकून घ्यायची आणि ताटलीत आणखी एक केळं टाकायची. तोंड भरलं की तो थोडा वेळ गप्प बसायचा.

मग ती बहिणीकडे, युरीमाग्वासच्या बाजूला, एका बाप्तिस्म्याला गेली. तिथे तिनं काय पाहिलं, तर टाकलेल्या जमिनीवर एका वेलाचा हिरवागार गालिचा. कुडझू त्याचं नाव. गवत नाही, झुडूप नाही, सगळं त्यानं पोटाखाली घेऊन दडपून टाकलेलं. आणि त्या गालिच्यावर गाई उभ्या, जिभा फिरवत. दोन वर्षं असा वेल राहू द्यायचा, गाईंनी खायचा, गाईंनीच खत टाकायचं, मग तिथेच मका. बाप्तिस्मा झालेल्या बाळाचं नाव तुलियाला परतीच्या वाटेवर आठवेना, पण तिच्या रुमालाच्या गाठीत त्या वेलाचं बी होतं.

घरामागच्या तीन जुन्या पुर्म्यांची झुडपं तिनं छाटली आणि ते बी टाकलं. गाव हसलं. लोक तण उपटतात, ही पेरते. तिची शेजारीण ग्रिमाल्दा इसुइसा म्हणजे तुलियाच्या लेकीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. जीभ अशी की तिनं नुसतं बोलून कसावा सोलावा. ती म्हणाली, पुढच्या वर्षी ढेकूण पेर, कोमाद्रे, तेही छान पसरतात.

वेल पसरला. दोन वर्षांत तीनही तुकडे झाकले गेले. तेव्हा तुलिया डॉन लिसार्दोंकडे गेली आणि सहा कालवडी अर्धेलीवर मागितल्या. गाई त्यांच्या, चारा आणि राखण हिची, वासरं निम्मी निम्मी. त्यांनी एकच अट घातली. उन्हाळा सरता सरता मी येईन, कुणाचीही बरगडी दिसली तर सगळ्या परत होडीत.

सेगुंदोला पटवणं त्याहून अवघड होतं. गाय जिथे उभी राहते तिथली जमीन दगड होते, तिथे मका येत नाही, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. पण तुलिया बोलायला लागली की तिचे दोन्ही हात हवेत फिरायचे. तीन तुकडे घराच्या मागेच, ती सांगत होती. एकात मका, एकात गाई, एक निजलेला. पुढच्या वर्षी बदलाबदली. पावसाळ्यात गाई माळावरच्या गवतात. तिघं आपापल्या जागी फुगडी घालत राहतील आणि आपण घरात बसून बघू.

"एक पीक," सेगुंदो शेवटी म्हणाला. "तुझ्या गाई बसलेल्या जागेवर मका आला, तर मी कुऱ्हाड वळचणीला खोचून ठेवतो. नाही आला, तर वरच्या जंगलात जायचं. मग गुडघ्यांचं रडगाणं लावायचं नाही."

"कबूल," तुलिया म्हणाली. आणि मग हळूच, "तिथे रडले तरी ऐकायला कोण असणार आहे?"

गाई आल्या तेव्हापासून तुलियाच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी उठून आधी गाई, मग चूल. सहाही जणींना नावं देऊन झाली. सगळ्यांत हेकट जी होती, कुंपणाच्या प्रत्येक खांबाला डोकं लावून बघणारी, तिचं नाव ग्रिमाल्दा. हे कोमाद्रेच्या कानावर गेलंच. ती मुद्दाम बघायला आली, गाईसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दोघींनी एकमेकींना बराच वेळ न्याहाळलं.

"डोळे माझ्यासारखे आहेत," ग्रिमाल्दा म्हणाली. "अक्कल तुझी आली बिचारीला."

पहिल्या तुकड्यावरचा वेल गाईंनी असा खाल्ला की बघत राहावं. कातडीला तेल लावल्यासारखी झाक आली. ठरलं होतं असं की निम्मा वेल खाऊन झाला की गाई दुसऱ्या तुकड्यात न्यायच्या, उरलेला कोयत्यानं कापायचा, उन्हात कडक वाळवायचा आणि पेटवायचा. सेगुंदोनं पहिल्या तुकड्याच्या कुंपणाचं फाटक दोनदा उघडूनही ठेवलं. पण तेवढ्यात डॉन लिसार्दोंचा निरोप आला की पंधरवड्यात येतोय. आणि तुलियाला गाई हलववेनात. दुसऱ्या तुकड्यात वेल अजून तितका दाट नव्हता. नव्या जागी चार दिवस रुसल्या, पोटं खपाटीला गेली तर? तिनं फाटक लावून घेतलं. राहू दे अजून थोडे दिवस. मग अजून थोडे.

डॉन लिसार्दो आले. त्यांनी प्रत्येक गाईच्या पाठीवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या आणि सापडेनात म्हणून हसले. तुलियानं पानात बांधून शिजवलेला कोंबडीचा भात वाढला. त्यांनी दोनदा घेतला आणि जाताना सांगून गेले की अशी राखण केलीस तर आणखी देतो. तुलिया होडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. मग वळली आणि पहिल्या तुकड्याकडे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

गालिचा नव्हताच. पेटवायला नुसता काथ्या उरला होता.

पुएर्तो इनायुगात शेताची किंमत आगीवरून होते. आग चांगली लागली की पीक चांगलं, मग पुढे ते कसंही येवो. माणसं आगीच्या आठवणी ठेवतात. अमक्याची आग इतकी उंच गेली की पोपट वाट चुकले. तमक्याची लेक झाली त्या वर्षीची आग नदीपलीकडून दिसली. जाळायच्या आणि टोकणीच्या दिवशी इर्जिक असते. घरधनिणीनं कसावा चावून-थुंकून आंबवलेला मासातो मडकीच्या मडकी भरून ठेवायचा, आणि गावानं यायचं, प्यायचं, हसायचं आणि राबायचं. तुलियानं तर या इर्जिकीसाठी जबडा दुखेपर्यंत कसावा चावला होता. गाईंच्या जमिनीतला पहिला मका म्हणून सगळं गाव यायला हवं, असं तिला वाटलं होतं.

सगळं गाव आलं.

सेगुंदोनं पलिता पेटवला आणि वाऱ्याची बाजू धरून कोपऱ्यातून आग लावली. ज्योत उठली, हातभर सरकली. लोकांनी माना उंचावल्या. मग ती एका शेणाच्या पोजवळ थबकली, विचार केल्यासारखी, आणि विझली. दुसऱ्या कोपऱ्यातून लावली. तिथे नुसता धूर निघाला, तोही पांढरा, ओल्या सरपणाचा. तिसऱ्या कोपऱ्यात डॉन आदेल्मो तुआनामा, गावातला सगळ्यात नावाजलेला आग लावणारा, स्वतः पुढे झाला. गुडघ्यावर बसून त्यानं गाल फुगवून फुंकर घातली, त्याच्या भुवया तेवढ्या जळाल्या.

तेवढ्यात ग्रिमाल्दाचा आवाज आला. "कोमाद्रे, तुझ्या गाईंनी आग खाल्ली."

हशा असा उसळला की दुसऱ्या तुकड्यात हलवलेल्या गाई दचकून मागे सरल्या. तुलियालाही क्षणभर हसूच फुटणार होतं. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. सेगुंदो हसत नव्हता. रागावलाही नव्हता. तो गुपचूप घराकडे गेला, वळचणीतली कुऱ्हाड काढली, सावलीत बसला आणि तिला धार लावायला लागला.

दगडावर पातं घासल्याचा तो आवाज तुकड्यापर्यंत येत होता.

लोक उठायला लागले होते. आग नाही म्हणजे टोकण नाही, टोकण नाही म्हणजे घरी जायचं. बायकांनी पोरांना हाका मारल्या. तुलिया तुकड्याच्या मधोमध उभी होती. कशाकडे बघावं कळेना म्हणून ती पायाकडे बघत होती. पायाशी शेणाचा जुना पो होता आणि त्यातून भोपळ्याचा एक वेल निघाला होता. कुणी लावला नव्हता. गाईंनी कधी कुठे भोपळा खाल्ला असेल. पण पानं कशी, तर माणसाच्या पंज्याहून मोठी, काळपट हिरवी, फुगलेली. तिनं आजूबाजूला पाहिलं. पलीकडे, जिथे गाई दुपारच्या बसायच्या, तिथे आणखी एक. त्याच्याही पलीकडे एक.

राखेच्या कणाशिवाय.

ती धावली. गुडघे विसरून धावली आणि मासातोच्या मडक्यापाशी जाऊन वाट अडवून उभी राहिली, हातात डाव.

"कुठे निघालात?"

"आग कुठे लागली, तुलियाबाई?" डॉन आदेल्मो भुवयांच्या जागी हात चोळत म्हणाला. "आता काय काम करायचं?"

"मी आगीला बोलावलं होतं का? टोकणीला बोलावलंय. मासातो प्यालात ना?"

त्या गावात चोरी झाली होती, मारामाऱ्या झाल्या होत्या, एकदा एकाची बायको दुसऱ्याबरोबर गेली होती. पण कुणाचा मासातो पिऊन काम न करता कुणी घरी गेलेलं कुणाला आठवत नव्हतं. लोकांनी हातातल्या वाट्यांकडे पाहिलं. सगळ्या रिकाम्या होत्या.

"राखेशिवाय मका?" आदेल्मोनं विचारलं, पण आवाज खाली आला होता.

"राखेची एवढी आठवण येत असेल तर घरून आणा. चूल सगळ्यांकडे आहे. नाहीतर प्यायलेलं मडक्यात परत घाला आणि जा."

पुन्हा हशा झाला, पण आता तो तिच्या बाजूनं होता. ग्रिमाल्दा उठली. तिनं झग्याला हात पुसले, टोकणीची काठी उचलली, जमिनीत एकदा खुपसून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"मी तीन वाट्या प्यायलेय," ती म्हणाली. "कोमाद्रेचं पाणीसुद्धा मला फुकट पचत नाही. चला."

त्या दिवशीसारखी टोकण गावानं कधी केली नव्हती. पुरुष ओळीनं काठ्यांनी भोकं पाडत पुढे, बायका दाणे टाकत मागे, आणि कुठलं काम आणि कुठला तमाशा हे ओळखू येत नव्हतं. ग्रिमाल्दानं खरोखरच चुलीतली राख भांडंभर आणली आणि पाद्री पवित्र पाणी शिंपडतो तशी चिमटीचिमटीनं शिंपडत, तोंडानं काहीबाही पुटपुटत फिरली. लोक हसून हसून वाकले. तुलिया सगळीकडे एकाच वेळी होती. शेण आहे तिथे दाट टोका, असं ओरडत, पाणी देत, मासातो देत, चुकलेलं भोक टाचेनं बुजवत. घराच्या सावलीतून मधूनमधून तो आवाज येतच होता, दगडावर पात्याचा. सेगुंदो मासातो प्यायला नव्हता. त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती.

मका आला. सुरुवातीला आल्यासारखा आला, मग थांबल्यासारखा झाला, आणि मग एके दिवशी तुलियाच्या लक्षात आलं की तो थांबलेला नाही, त्याला कुणीतरी धरून ठेवलंय. कुडझू. आग लागली असती तर मुळं भाजली गेली असती. आता प्रत्येक गड्ड्यातून कोंब फुटले होते आणि मक्याच्या कोवळ्या खोडांना मिठ्या मारत वर चढत होते. तिनं जो वेल रुमालात बांधून आणला, तोच आता तिचा मका ओढून खाली पाडायला निघाला होता.

ती कोयता घेऊन शिरली. एक ओळ साफ करावी तोवर मागच्या ओळीत नवा कोंब. कापलेला वेल ती गोळा करून कुंपणापलीकडे, दुसऱ्या तुकड्यात भिरकावायची. आणि तिथे गाई. पहिल्या दिवशी एक आली. मग सहाही. मग तर ती कोयता उचलायच्या आधीच त्या कुंपणाला ओळ लावून उभ्या राहायला लागल्या, ग्रिमाल्दा सगळ्यांत पुढे. दुसऱ्या तुकड्यातला विरळ वेल पुरेल का, ही तिची काळजी आपोआप मिटली. तण काढणं आणि गाईंना चारा घालणं, दोन कामांचं एकच काम झालं होतं. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठमोठ्यानं गाईंना समजावून सांगायला लागली.

सेगुंदो हे सगळं उंबऱ्यावरून बघत होता. कुऱ्हाड आता वस्तऱ्याइतकी धारदार होती आणि तिला अजून काम मिळालं नव्हतं. एका दुपारी तुलिया पाणी प्यायला घरात गेली. परत आली तर तिनं रचून ठेवलेली वेलाची मोळी जागेवर नव्हती. ती पलीकडे गाईंसमोर पडलेली होती आणि सेगुंदो वाटेनं घराकडे येत होता.

"तिकडूनच येत होतो," तो न विचारता म्हणाला. "पायात आली."

दुसऱ्या दिवशी दोन मोळ्या त्याच्या पायात आल्या. नंतर तो कोयता घेऊनच आला.

मका कापला तेव्हा पोपटांचा वाटा गेला, गाईंच्या पाणवाटेचा पट्टाही गेला. जिथून सहाही जणी रोज ओढ्यावर जायच्या तिथली जमीन खरंच दगड झाली होती, तिथे गुडघाभर मका आला आणि कणीस एकही नाही. सेगुंदोनं तो पट्टा गावाला बोटानं दाखवला, मी म्हणत होतो ना. पण बाकीच्या तुकड्यावर, आणि गाई बसायच्या तिथे तर विशेष, कणसं अशी होती की सोलताना अंगठा दुखावा. माळ्यावर मावेनात तेव्हा झोपायचे झुले सोडून कोपऱ्यात बांधावे लागले. दोघं रात्री कणसांच्या राशीला टेकून जेवले.

"वरच्या जंगलात याहून जास्त आला असता," सेगुंदो म्हणाला.

"आला असता," तुलियानं मान्य केलं. "आणि इथवर आणला कुणी असता?"

त्यानं राशीतलं एक कणीस उचललं, अंगठ्यानं दाणे चाचपले आणि परत ठेवलं.

सकाळी तिला जाग आली ती कुऱ्हाडीच्या आवाजानं. झुल्यात हात घातला तर सेगुंदो नाही. वळचणीत बघितलं तर कुऱ्हाड नाही. ती अनवाणी बाहेर पळाली. केळी ओलांडल्या, पहिला तुकडा ओलांडला. तिथे कापलेल्या धसकटांमध्ये वेल पुन्हा हिरवा व्हायला लागला होता. आवाज मात्र डोंगराकडून येत नव्हता, ओढ्याकडून येत होता.

सेगुंदो पांगाऱ्याच्या फांद्या तोडत होता. मनगटाएवढ्या, सरळ, जमिनीत रोवल्या की मूळ धरतील आणि पालवी फुटेल अशा. बाजूला चांगला ढीग लागला होता.

"तिसऱ्या तुकड्याचं कुंपण कोण घालणार, तुझा बाप?" तो म्हणाला. "आणि ऐक, या वेळी फाटक मी उघडणार. निम्मा वेल राहिला की गाई बाहेर. तुझ्या हातात ठेवलं तर तू त्यांना मातीसुद्धा चारशील."

तुलिया उभी राहिली. तिच्या ओठांवर काय काय आलं होतं. पण तेवढ्यात मागून ग्रिमाल्दा आली, गाय नव्हे, कोमाद्रे. हातात रिकामा रुमाल होता, चार बोटांत धरलेला.

"बघत काय बसलीस," ती म्हणाली. "त्या ढेकणांचं बी दे थोडं. इर्जिकीचा मासातो माझ्याकडे."

तुलियानं रुमाल घेतला आणि शेंगा वाळत घातल्या होत्या त्या अंगणाकडे दोघींच्याही पुढे निघाली. कुंपणाशी सहा जणी ओळीनं उभ्या होत्या, पहिल्या तुकड्याकडे माना करून.

"थांबा," तिनं जाता जाता त्यांना सांगितलं. "अजून थोडा वाढू दे."